बदललेल्या खुब्याभोवतीचं हाड कसं सांभाळावं

आईचा खुबा २००८ साली बदलला, सासूबाईंचा त्यानंतर. दोघींच्या तपासण्या मीच करून आणते. "दुखत नाही ना, मग एक्स-रे फोटो कशाला?" असं सांगणारे नागपुरात घरोघरी भेटतात. त्यांचं ऐकू नका. नव्या सांध्याच्या वाटीचं प्लास्टिक झिजतं, त्याचे बारीक कण भोवती साचतात, शरीरातल्या पेशी त्यांच्या मागे लागतात आणि त्यात हाडच पोखरलं जातं. हे वर्षानुवर्षं चालतं आणि बहुतेकदा दुखत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं क्रॉस-लिंक्ड प्लास्टिक खूपच कमी झिजतं, पण आपल्या माणसाला कोणतं बसवलंय हे किती जणांना माहीत असतं? ऑपरेशनच्या कागदांतलं इम्प्लांटचं स्टिकर आधी शोधा.

रोज चाला. अंबाझरी तलाव असो की घरची गच्ची, वजन पडलं तरच हाड टिकतं. ड जीवनसत्त्व रक्तात तपासा. इथं ऊन भरपूर असलं तरी उन्हाळाभर आपण कूलरपुढेच असतो. कॅल्शियम डॉक्टर सांगतील तेवढंच घ्या, त्या गोळ्यांनी कणांमुळे होणारी झीज थांबत नाही. ठिसूळ हाडांची औषधं मनाने सुरू करू नका, बंदही करू नका.

आता फोटो. इथं मी स्वतः चुकले आहे. नवव्या वर्षी चिठ्ठीवर नुसतं "पेल्व्हिस", म्हणजे कमरेखालचं हाड, एवढंच लिहिलं होतं. लॅबवाल्यांनी नेहमीसारखा फोटो काढला आणि मांडीच्या हाडात बसवलेल्या धातूच्या दांड्याचं टोक फिल्मबाहेर गेलं. वर दांड्याशेजारी एक काळी रेघ दिसत होती. सर्जननी विचारलं, "ही पहिल्यापासून आहे की नवीन?" पहिली फिल्म घर बदलताना हरवलेली. आईचं हाड विरघळतंय की नाही, हे कळायला पुढच्या फोटोपर्यंत थांबावं लागलं. ते महिने मी विसरणार नाही.

म्हणून चिठ्ठीवरच लिहून घ्या: दोन्ही खुबे, दांडा टोकापर्यंत पूर्ण, खाली थोडं मोकळं हाड, आणि एक फोटो बाजूने. पायांचे अंगठे किंचित आत वळवून, दर वेळी तसेच. पाय बाहेर वळला की तेच हाड वेगळं दिसतं आणि तुलना फसते. टेबलावरून उतरण्याआधी स्क्रीनवर टोक दिसतंय का ते विचारा. संकोच करू नका, आजीला दुसऱ्यांदा आणणं जास्त त्रासाचं आहे.

तुलना मागच्या फोटोशीच केली तर संथ बदल निसटतो, कारण दर वेळी फरक जरासाच असतो. ऑपरेशननंतरची पहिली फिल्म शेजारी लावायलाच सांगा. दांड्याच्या वरच्या भागातलं हाड पहिल्या एक-दोन वर्षांत थोडं विरळ होतं, कारण भार धातू घेतो. ते सहसा थांबतं. त्यानंतर वाढत जाणारी रेघ किंवा पोकळी मात्र सोडून देऊ नका.

फिल्म माळ्यावर ठेवू नका. हल्लीच्या थर्मल फिल्म उष्णतेने काळवंडतात, आणि मे महिन्यात आपला माळा म्हणजे भट्टी. सीडी मागून घ्या, फाइल पेनड्राइव्हवरही ठेवा. पुढचा फोटो कधी, ते सर्जन ठरवतील. ती तारीख फिल्मच्या पिशवीवर लिहा.

खुर्चीतून उठल्यावर पहिल्या चार पावलांना मांडीत कळ येत असेल, जांघेत नवीन दुखणं असेल किंवा पाय आखूड वाटू लागला असेल, तर तारखेची वाट न बघता त्याच आठवड्यात ती पिशवी घेऊन सर्जनकडे जा. पडल्यानंतर पाय टेकवत नसेल तर उभं करू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.