याकुशिमा कसं पाहावं: पावसाच्या बेटावर चार दिवसांचा बेत

जपानच्या क्यूशू बेटाच्या दक्षिण टोकापासून साधारण ६० किलोमीटरवर याकुशिमा आहे. जेमतेम ५०० चौरस किलोमीटरचं हे बेट कागोशिमा प्रांतात येतं. किनाऱ्यावर जास्वंद आणि वडाच्या जातीची झाडं दिसतात, तर मध्यभागी १,९३६ मीटर उंचीचं मियानोउरा शिखर थंडीत बर्फाखाली असतं. समुद्रावरून येणारे दमट वारे या डोंगरांना अडतात आणि बरसतात. किनाऱ्यावर वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, डोंगरात त्याच्या दुप्पट. 'इथे महिन्याचे ३५ दिवस पाऊस पडतो' असं जपानी लोक म्हणतात. १९९३ साली जागतिक वारसा ठरलेलं इथलं जंगल याच पावसावर उभं आहे. त्यामुळे इथला बेत आखताना आधी पावसाचा विचार करायचा, ठिकाणांचा मग.

१. महिना निवडा

एप्रिल, मेचा मधला आठवडा आणि ऑक्टोबर ते नोव्हेंबर हा काळ सर्वांत सोयीचा. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यात जपानमध्ये सलग सुट्ट्या असतात. तेव्हा गाड्या, खोल्या आणि वाटाडे काही महिने आधीच भरलेले असतात, म्हणून तो आठवडा टाळा. जून हा सर्वांत ओला महिना. मात्र डोंगरमाथ्यावरचे ऱ्होडोडेंड्रॉन फुलतात ते मेअखेर ते जूनमध्येच, आणि समुद्री कासवंही याच दिवसांत किनाऱ्यावर येतात. ज्यांना एवढ्याचसाठी यायचं आहे त्यांनी भिजायची तयारी ठेवून जरूर यावं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वादळांमुळे बोटी आणि विमानं दोन-दोन दिवस बंद पडू शकतात. जानेवारी-फेब्रुवारीत वरच्या वाटांवर बर्फ असतो. बुटाला लावायचे काटे नसतील तर तेव्हा लांबच्या चढाया करू नका.

२. बेटावर पोचा

कागोशिमा शहराच्या दक्षिण धक्क्यावरून जेटफॉइल ही वेगवान बोट सुटते. थेट असेल तर ती सुमारे दोन तासांत पोचते, वाटेत तानेगाशिमा या शेजारच्या बेटाला थांबणारी असेल तर अडीच-पावणेतीन तास लागतात. तिकिटावर उतरण्याचं बंदर नीट वाचा. काही फेऱ्या उत्तरेच्या मियानोउरा बंदरात जातात, काही पूर्वेच्या आन्बो बंदरात. या दोन गावांत २० किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, त्यामुळे भलत्याच बंदरात उतरलं की भाड्याची गाडी एकीकडे आणि आपण दुसरीकडे असं होतं. साधी मोठी बोट चार तास घेते, पण तिचं भाडं कमी आहे आणि लाटांचा तिला त्रासही कमी होतो. कागोशिमाहून विमानाने अर्ध्या-पाऊण तासात पोचता येतं. फुकुओका आणि ओसाकाहूनही विमानं आहेत. टेकडीवर स्वयंपाकासाठी गॅसची कुपी लागणार असेल तर ती बेटावरच विकत घ्या, विमानात नेता येत नाही.

३. मुक्काम आणि गाडी एकत्रच ठरवा

मुख्य चढाई जोमोन सुगी या अजस्र, पुरातन झाडाची असेल तर आन्बोत राहा, कारण पहाटेच्या बसचा थांबा तिथून जवळ पडतो. शिराटानीचं जंगल आणि उत्तरेचे किनारे पाहायचे असतील तर मियानोउरा बरं. दक्षिणेकडचं ओनोआइदा गाव शांत आहे आणि गरम झऱ्यांना जवळ आहे, पण पहाटेच्या चढाईसाठी तिथून आणखी लवकर उठावं लागतं.

बेटाला वळसा घालणारा रस्ता सुमारे १०० किलोमीटरचा. त्यावर बस आहे, पण फेऱ्या विरळ असतात आणि पश्चिमेच्या जंगलातून बस जातच नाही. म्हणून निदान दोन दिवस गाडी घ्यावी. १९४९च्या जिनिव्हा करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो, सोबत मूळ परवाना आणि पासपोर्ट बाळगा. गाड्या डाव्या बाजूनेच चालतात. पेट्रोल पंप संध्याकाळी लवकर बंद होतात आणि पश्चिमेच्या टप्प्यात एकही नाही, तेव्हा निघण्यापूर्वी टाकी भरा. रोख येनही जवळ असू द्या. अनेक छोट्या खानावळी कार्ड घेत नाहीत. परदेशी कार्डावर पैसे काढायला टपाल कार्यालयातलं एटीएम उपयोगी पडतं.

शाकाहारी माणसाने मुक्कामाची खोली घेतानाच तसं कळवावं. इथल्या साध्या सूपमध्येही सुक्या माशाचा अर्क असतो, आणि ऐनवेळी सांगून यजमानाला काही करता येत नाही.

४. दिवसांचा क्रम लावा, पण एक दिवस मोकळा ठेवा

जोमोन सुगीची चढाई पहिल्या दिवशी लावू नका आणि शेवटच्याही लावू नका. पहिल्या दिवशी बोट उशिरा आली तर बेत कोसळतो. शेवटच्या दिवशी लावली आणि पाऊस आला तर बदलायला दिवसच उरत नाही. ती दुसऱ्या दिवशी ठेवा आणि तिसरा दिवस राखीव समजा. दुसऱ्या दिवशी मुसळधार पाऊस आलाच तर त्या दिवशी संग्रहालय आणि धबधबे पाहा, कारण पावसात धबधबे अधिकच भरून येतात.

५. जोमोन सुगीची चढाई

सुगी हे देवदारासारखं जपानी झाड. याकुशिमाच्या ग्रॅनाइटच्या खडकात त्याला पोषण कमी मिळतं, म्हणून ते अतिशय सावकाश वाढतं. लाकूड दाट होतं, त्यात राळ भरपूर साठते आणि ते सहज कुजत नाही. हजार वर्षांपेक्षा जुन्या झाडालाच इथे 'याकुसुगी' म्हणतात. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, छपरांच्या फळ्यांसाठी सरळ खोडांची झाडं कापली गेली. आज जी अजस्र झाडं उभी आहेत त्यांतली बरीचशी वेडीवाकडी आणि गाठाळ असल्यामुळे वाचली. त्यांच्या सरळ फळ्या निघत नव्हत्या. जोमोन सुगी त्यांतलंच एक. उंची २५ मीटर, खोडाचा घेर १६ मीटरच्या वर, आणि वयाचे अंदाज २,००० वर्षांपासून ७,०००च्या पुढेपर्यंत जातात.

जाऊन-येऊन २२ किलोमीटर चालावं लागतं, त्याला दहा तास लागतात. मार्च ते नोव्हेंबर या काळात आराकावाच्या पायथ्यापर्यंत खाजगी गाडी नेता येत नाही. याकुसुगी संग्रहालयाजवळून पहाटे पाचच्या सुमारास सुटणारी डोंगरी बस पकडावी लागते. तिचं तिकीट आदल्या दिवशीच काढून ठेवा. पहाटे थांब्यावर जाऊन तिकीट मागणारे तिथूनच परत फिरतात. एका दिवसाच्या चढाईसाठी १,००० येन पर्वतसंवर्धन निधी द्यायचा असतो. शौचालयांची सफाई आणि वाटांची डागडुजी त्यातून होते, तेव्हा तो टाळू नका. जेवणाचा डबाही आदल्या दिवशी सांगून ठेवा, डबेवाली दुकानं पहाटे चारनंतर उघडतात.

सुरुवातीचे आठ किलोमीटर लाकूडवाहतुकीच्या जुन्या रुळांवरून जातात. वाट जवळजवळ सपाट आहे. इथेच कोसुगिदानी या लाकूडतोड्यांच्या वसाहतीचे अवशेष लागतात. एकेकाळी इथे शाळा होती, १९७० साली वसाहत उठली. सपाट वाटेवर बरेच जण रमतगमत चालतात आणि वेळ तिथेच निसटतो. रूळ संपून ओकाबुची पायवाट सुरू होते त्या जागी सकाळी दहाच्या आत पोचायचं. दहा वाजून गेले असतील तर तिथूनच मागे फिरावं. पुढचे अडीच किलोमीटर मुळांवरून, दगडांवरून आणि लाकडी पायऱ्यांवरून खडा चढ आहे, त्याला दोन तास लागतात. झाडापासून परतीला दुपारी एकच्या आत निघा, नाही तर शेवटची बस चुकते आणि जंगलात अंधार होतो.

चढ सुरू झाल्यावर थोड्याच वेळात विल्सनचा बुंधा, म्हणजे कापलेल्या प्रचंड सुगीचं उरलेलं खोड, लागतो. अमेरिकेतून आलेल्या अर्नेस्ट विल्सन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९१४ साली त्याची पाहणी केली. आत खोलीएवढी पोकळी आहे. आत शिरून उजव्या कोपऱ्यात जा आणि खाली बसून वर पाहा, मोकळ्या आभाळाचा आकार बदामासारखा दिसतो. जोमोन सुगी मात्र लाकडी सज्जावरून, थोड्या अंतरावरूनच पाहायची. पूर्वी लोक थेट बुंध्याशी जात. त्यांच्या पायांनी माती झिजून मुळं उघडी पडली, म्हणून हा सज्जा बांधला.

सोबत काय घ्यायचं:

- पावसाचा कोट आणि पँट, वेगवेगळे. अंगभर घोळदार पोंचो चढावर पायात येतो आणि वाऱ्यात उडतो. छत्री फक्त रुळांच्या टप्प्यात चालते.
- घोट्यापर्यंतचे, पकड असलेले बूट. ओल्या रुळांवर आणि मुळांवर साधे धावायचे बूट घसरतात.
- सुती सदरा नको. तो भिजला की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. झाड १,३०० मीटरवर आहे, तिथे किनाऱ्यापेक्षा सात-आठ अंश कमी तापमान असतं.
- डोक्याला लावायची विजेरी, कारण पहाटे बसमधून उतरताना अंधारच असतो.
- शौचासाठीच्या वापरून फेकायच्या पिशव्या. बेटावर मिळतात. वाटेत शौचालयं मोजकीच आहेत, शेवटचं ओकाबुच्या सुरुवातीला. पिशवी वापरायचे आडोसे पुढे आहेत, पण भरलेली पिशवी खाली आणायची आपणच.
- पाण्याची एक बाटली पुरे, वाटेवरच्या झऱ्यांवर ती भरता येते.

बूट, कोट, पिशवी हे सगळं मियानोउरा आणि आन्बोत भाड्याने मिळतं. एका दिवसासाठी नवं सामान विकत घेण्याची गरज नाही. मोठ्या पावसाचा इशारा असेल तर बसच बंद ठेवतात. अशा दिवशी दुसऱ्या वाटेने वर जायचा प्रयत्न करू नका. इथले ओढे तासाभरात फुगतात आणि मागची वाट तोडतात.

६. शिराटानी उनसुइक्यो

दहा तास चालणं जमणार नसेल तर वाईट वाटून घेऊ नका. जंगल म्हणून पाहिलं तर शिराटानी जोमोन सुगीच्या वाटेपेक्षा अधिक सुंदर आहे. दगड, मुळं, पडलेली खोडं, सगळं शेवाळाने झाकलेलं. मियानोउराहून गाडीने अर्धा तास, प्रवेशनिधी ५०० येन. वाटा तीन: तासाभराची, तीन तासांची आणि ताइकोइवा या उघड्या खडकापर्यंतची चार-पाच तासांची. शेवटचा चढ खडा आहे, पण मार्चअखेर तिथून दरीत डोंगरी चेरीची गुलाबी झाडं विखुरलेली दिसतात. शेवाळ पाहायचं तर भुरभुर पाऊस किंवा पावसानंतरची सकाळ निवडा. कोरड्या उन्हात ते मिटलेलं आणि फिकट दिसतं. वाट दोन-तीन ठिकाणी ओढे पार करते. पाणी दगडांवरून वाहायला लागलं असेल तर पलीकडे जाऊ नका. शेवाळावर पायही ठेवू नका, उखडलेला तुकडा पुन्हा धरायला वर्षं जातात.

लहान मुलं किंवा वयस्कर मंडळी सोबत असतील तर याकुसुगी लँड या राखीव जंगलात जा. इथली ३० आणि ५० मिनिटांची वाट बांधीव आहे आणि तरीही हजार वर्षांची झाडं हाताच्या अंतरावर येतात. तिथून गाडीने आणखी सहा किलोमीटर वर गेलं की किगेन सुगी रस्त्यालगतच उभं आहे. खाली उतरताना याकुसुगी संग्रहालय पाहा. २००५ साली बर्फाच्या भाराने मोडलेली जोमोन सुगीची फांदी तिथे ठेवली आहे. तिच्या जवळ जाता येतं, झाडाच्या जवळ जाता येत नाही.

७. किनाऱ्याचा फेरा

आन्बोहून दक्षिणेला निघून घड्याळाच्या दिशेने फिरा. आधी सेन्पिरो धबधबा, त्याच्या शेजारचा अखंड ग्रॅनाइटचा कातळ धबधब्याहून मोठा आहे. मग थेट समुद्रात पडणारा तोरोकी. त्यापुढे हिराउचीचा समुद्रातला गरम झरा. तो दिवसातून दोनदाच, ओहोटीच्या आगेमागे साधारण दोन-दोन तास उघडा पडतो. म्हणून आदल्या रात्री ओहोटीची वेळ पाहून बाकीचा दिवस त्याभोवती बसवा. इथे पुरुष आणि स्त्रिया एकत्र उतरतात, कपडे बदलायला खोली नाही आणि पोहण्याचा पोशाख चालत नाही. स्त्रिया टॉवेल गुंडाळून उतरू शकतात. अवघड वाटलं तर जवळच्या युदोमारीच्या झऱ्यावर जा.

पुढे ८८ मीटरचा ओको धबधबा, त्याच्या पायथ्याशी चालत जाता येतं. त्यानंतर पश्चिमेचा २० किलोमीटरचा अरुंद जंगलरस्ता. तो वारसा क्षेत्रातूनच जातो आणि माकडं आणि हरणं रस्त्यावरच बसलेली असतात. ताशी २०-३० किलोमीटरपेक्षा वेगाने जाऊ नका, काच खाली करून खाऊ तर मुळीच देऊ नका. खाऊची सवय लागलेलं माकड पुढच्या गाडीवर झेप घेतं. संध्याकाळी रस्त्याचं फाटक बंद होतं, त्यामुळे दुपारी तीनच्या सुमारास शिरा.

८. कासवांचा किनारा

हा जंगलरस्ता संपतो तिथे नागाता गावाचा इनाकाहामा किनारा. लॉगरहेड कासवं इथे मे ते जुलै रात्री अंडी घालायला येतात, ऑगस्टमध्ये पिल्लं निघतात. या हंगामात रात्री किनाऱ्यावर एकट्याने उतरायचं नाही, गावकऱ्यांच्या देखरेखीखाली आधी नाव नोंदवूनच जायचं. कारणं साधी आहेत. वर येणाऱ्या मादीला उजेड दिसला तर ती अंडी न घालता परत फिरते. पिल्लं उजेडाकडे धावतात आणि समुद्राऐवजी रस्त्यावर येतात. माणसांच्या पायांनी वाळू दबली की खालच्या पिल्लांना वर येता येत नाही. तेव्हा मोबाइल खिशात आणि बंद. दिवसा गेलात तरी दोरी लावलेल्या भागात पाय टाकू नका.

परतीच्या बोटीच्या दिवशीच पुढचं आंतरराष्ट्रीय विमान धरू नका. मधली एक रात्र कागोशिमात काढा. आदल्या संध्याकाळी बोट कंपनीची सूचना पाहा, आणि जेटफॉइल रद्द होण्याची शक्यता दिसली तर सकाळच्या मोठ्या बोटीची चौकशी लगेच करा. ती बहुधा निघते, पण तोवर बाकीचेही तिकडेच वळलेले असतात.