आरपीओ आणि आरईसी : वीज विकणाऱ्यांनो, या चुका टाळा

वीज वितरणाचा परवाना घेतला की आरपीओ, म्हणजे अक्षय ऊर्जा खरेदीचे बंधन, मागे येतोच. ठरलेला हिस्सा अक्षय स्रोतांतून घ्यायचा, कमी पडेल तेवढी आरईसी, म्हणजे अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रे, विकत घ्यायची. वीज कायदा 2003 च्या कलम 86(1)(ई) पासून हे बंधन आहे आणि आरईसीचा बाजार 2011 पासून चालू आहे. तरीही दर वर्षी तेच घोळ समोर येतात.

पहिला घोळ, ‘आम्ही लहान, आम्हाला लागू नाही.’ सेझचा (विशेष आर्थिक क्षेत्राचा) विकासक डीम्ड लायसन्सी, म्हणजे कायद्याने परवानाधारक मानलेला, असतो, म्हणून त्यालाही आरपीओ लागू होतो. कॅप्टिव्ह (स्वतःपुरती वीज बनवणारे) आणि ओपन अ‍ॅक्सेसवाल्यांचा (वितरण कंपनीऐवजी बाहेरून वीज घेणाऱ्यांचा) वाद तर सर्वोच्च न्यायालयाने हिंदुस्तान झिंक प्रकरणात 2015 सालीच निकाली काढला आहे, आरपीओ त्यांनाही लागू. यावर पुन्हा वकील लावू नका.

टक्केवारी कशावर काढायची हे न वाचणे ही त्याहून महाग चूक. समजा बिलात 10 कोटी युनिट दिसतात आणि वितरणहानी (वाटेत वाया जाणारी वीज) धरून खरेदी साडेदहा कोटींची आहे. 2024-25 साठी केंद्राने ठरवलेला एकूण हिस्सा 29.91 टक्के होता. हिशेब खरेदीवर धरायचा असताना तुम्ही बिलावर धरलात, तर जवळपास 1,500 प्रमाणपत्रे कमी पडतात, कारण एक प्रमाणपत्र म्हणजे 1,000 युनिट. मी आधी नियमावलीतले व्याख्यांचे पान वाचतो आणि मगच एक्सेल उघडतो. जुन्या सल्लागाराची शीट उचलून आकडे भरणारे नवखे इथेच फसतात.

आता सगळ्यांत जास्त नुकसान करणारी सवय, मार्चपर्यंत थांबणे. एका सेझच्या वितरण कंपनीचे काम माझ्याकडे होते. दिवाळीनंतर लगेच तुटीचा तक्ता दिला आणि थोडी थोडी खरेदी सुरू करा म्हणून सांगितले. वित्त विभागाचे म्हणणे, भाव आणखी उतरेल. डिसेंबर 2022 च्या नव्या नियमांनी किमान आणि कमाल किंमत काढून टाकली होती, त्यामुळे त्यांना मोह पडला. मार्चच्या शेवटच्या बुधवारी त्यांनी एकच मोठी बोली लावली, तीही आधीच्या सत्राच्या भावाखाली. वीज एक्स्चेंजवर सगळ्यांसाठी एकच भाव निघतो. तो त्यांच्या बोलीच्या वर निघाला आणि हाती एकही प्रमाणपत्र आले नाही. मग ट्रेडर शोधायला धावले, पण करार आणि अंतर्गत मंजुऱ्या होईतो वर्ष संपले. तूट पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसली आणि वीज नियामक आयोगापुढे सांगायला कारण काय, तर भाव उतरायची वाट पाहत होतो! असले कारण कोणता आयोग ऐकून घेईल?

माझी पद्धत साधी आहे. दर तिमाहीला तूट मोजायची आणि त्यातली बरीचशी त्याच तिमाहीत घेऊन टाकायची. चार पैसे जास्त गेले तरी चालतील. आरपीओ हे कायद्याचे देणे आहे, त्यात सट्टा खेळू नये.

ऑक्टोबर 2023 च्या केंद्रीय अधिसूचनेत पवन, जल आणि विकेंद्रित असे वेगळे हिस्से दिले होते. नुसती एकूण बेरीज जुळवून थांबू नका. विकेंद्रित हिस्सा 10 मेगावॉटपेक्षा लहान प्रकल्पांतूनच भरायचा होता.

निर्मिती करून विकणाऱ्यांसाठी दोनच गोष्टी. महाऊर्जेची (राज्याच्या अक्षय ऊर्जा संस्थेची) मान्यता आणि एनएलडीसीकडची (राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राकडची) नोंदणी झाली म्हणजे प्रमाणपत्रे आपोआप येत नाहीत. निर्मितीपासून सहा महिन्यांत अर्ज केला नाही तर त्या युनिटांवर पाणी सोडा. आणि तीच युनिटे खरेदीदार आपल्या आरपीओत धरणार असेल तर त्यांवर आरईसी मागू नका. करारात हरित गुणधर्म, म्हणजे वीज अक्षय असल्याचे श्रेय, कोणाचा हे एका ओळीत लिहून घ्या, आणि ती ओळ नसेल तर सही करू नका.