अठराव्या शतकातल्या फ्रेंच तपकीर डबीचं डिझाइन कागदावर कसं काढायचं

पंधराव्या लुईच्या काळात पॅरिसचे सोनार जशा तपकीर डब्या करायचे तसं डिझाइन काढायचंय ना, मग पहिली गोष्ट, मोठं काढू नका, डबी जेवढी तेवढंच चित्र, साधारण ८ बाय ६ सेंटीमीटर, उंची ४ धरा. मोठं काढलं की नक्षी भरमसाठ होते आणि प्रत्यक्षात ती मावतच नाही.

मधे झाकण काढा, त्याच्या चार बाजूंना डबीच्या चार भिंती उलगडून, तळ वेगळा. बिजागरी मागच्या लांब भिंतीवर येते, तिथे नक्षीची कड थोडी मोकळी सोडा नाहीतर पुढे कारागीर वैतागणार.

आधी हलकी पेन्सिल, मग बारीक शाई. सोन्यासाठी पिवळ्या वॉटरकलरचा पातळ हात, सावलीला तपकिरी, आणि मिनाकारीची फुलं गवाशने, कारण तो रंग अपारदर्शक, उठून दिसतो.

गिऱ्हाईक ठरवत नसेल तर झाकणाच्या डाव्या अर्ध्यात एक नक्षी, उजव्या अर्ध्यात दुसरी, एकाच कागदात दोन पर्याय. जुने फ्रेंच डिझायनर हे सर्रास करायचे, भारी आयडिया आहे.

रोकोको, म्हणजे त्या काळच्या नागमोडी, शिंपल्यांसारख्या नक्षीच्या शैलीची वळणं हवी असतील तर तेव्हाचा पॅरिसचा डिझायनर मेसोनिए याची डिझाइन्स बघा, पण सुरुवातीलाच तसलं वाकडंतिकडं नको, आधी सरळ चौकटीवाली डबी जमवा.