ट्रेलरच्या लाइट वेड्यासारख्या चालत होत्या, दोष अर्थिंगचा निघाला

ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद पेटायचा, आणि टेल लॅम्प चालू असताना इंडिकेटर दिला की टेल लॅम्पपण सोबत लुकलुकायचा. अशी एका लाइटची दुसरीत सरमिसळ दिसली की आधी अर्थवर (म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडणीवर) संशय घ्या, बल्ब बदलत बसू नका. करंटला परतीची वाट मिळत नाही म्हणून तो शेजारच्या बल्बमधून वाट काढतो.

पहिल्यांदा ट्रेलर सोडवून गाडीच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प लावून बघितलं, सगळ्या पिनांना सप्लाय नीट, म्हणजे गाडी ठीक. मग ट्रेलर जोडला, लाइट चालू ठेवल्या आणि मल्टिमीटरची एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी लॅम्पच्या अर्थला, तर तिथे जवळजवळ ३ व्होल्ट! खरंतर ०.२ च्या आसपासच हवं. लाइट बंद ठेवून नुसती कंटिन्युटी (वायर अखंड आहे का ते) बघितली तर हे कळतच नाही हां, कारण वायरमधली एक बारीक तार जरी टिकून असली तरी मीटर बीप देतो.

अर्थचा बोल्ट रंगावरच कसलेला आणि खाली गंज. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासलं, वायरच्या टोकाला नवीन रिंग लग (बोल्टखाली बसणारी गोल कडी) दाबून क्रिंप केला, वरून ग्रीस, आणि प्लगच्या अर्थ पिनपासून लॅम्पपर्यंत वेगळी जाड वायर ओढली. हिचच्या बॉलमधून (ट्रेलर गाडीला अडकतो तो गोळा) मिळणाऱ्या अर्थवर कधीच विसंबू नका.