पावसाळ्यात धनुष्य उसवतं ते या चुकांमुळे

धामण या झाडाच्या लाकडावर सरसाने, म्हणजे जनावरांच्या कातड्या-हाडांच्या गोंदाने, बांबूची पट्टी चिकटवून धनुष्य करणाऱ्यांचे फोन दर जुलैत येतात. ‘दादा, पट्टी सुटली.’ मी विचारतो, टोकांना काय लावलं होतंस? पलीकडे शांतता.

माझंही तेच झालं होतं. पहिल्या धनुष्याला व्हार्निशचे तीन हात दिले, आरशासारखं चमकवलं आणि रत्नागिरीच्या घरी कपाटावर टाकलं. गणपतीत काढलं, दोरी चढवली, निम्मं ओढलं. ‘कडाड’ वगैरे काही नाही. पट्टी हळूच उचलली गेली, आतला सरस बोटाला रबरासारखा लागला. दोरीच्या खाचा मी व्हार्निशनंतर कानशीने पाडल्या होत्या, आणि ती उघडी टोकं सगळा पावसाळा ओल पीत बसली होती. लाकूड अंगापेक्षा टोकातून कितीतरी जलद ओल ओढतं. आता खाचा आधी, मग टोकांना लाखेच्या स्पिरिट पॉलिशचे सहा हात, अंगाला तीन, वर मेण. एवढं करूनही ओल थांबत नाही, उशिरा पोचते इतकंच.

म्हणून पावसाळाभर दर रविवारी धनुष्य काट्यावर ठेवतो. मे महिन्यातलं वजन कपाटाच्या दारावर लिहिलेलं असतं. अर्ध्या किलोच्या धनुष्यात दहा-पंधरा ग्रॅम वाढले की ओढणं बंद. ओलं धनुष्य सहसा तुटत नाही, बाक धरतं, आणि तो बाक पुरता जात नाही.

मग घाईवाले ते उन्हात नाहीतर गाडीच्या काचेमागे ठेवतात. ओल आणि उष्णता एकत्र आली की सरसाचं काय उरणार? मी बंद कपाटात तळाशी जुना पिवळा बल्ब लावतो आणि आठवडाभर विसरतो. फार वाळवलं तर लाकूड ठिसूळ होतं, तेव्हा मेचं वजन आलं की बल्ब बंद.

सरस उकळू नका. रात्रभर भिजवून, गरम पाण्यात भांडं ठेवून ६० अंशांच्या आसपास वितळवा. दोरी चढवलेलं धनुष्य खुंटीला टांगू नका.

शिंग आणि जनावरांच्या कंडरा सरसाने चिकटवून केलेल्या जुन्या धनुष्यांनाही आपला पावसाळा सोसत नसे. हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं बनली ती उगाच नाही. भिल्लांच्या बांबूच्या तीरकमठ्यात तर सरसच नसतो, दोरीसुद्धा बांबूच्या सालीची. पावसात तीर मारायचेच असतील तर तसा कमठा करा, असं एका पोराला सांगितलं. ‘पण तो साधा दिसतो ना!’ म्हणाला. त्याचं धामणीचं धनुष्य सध्या माझ्या कपाटात आहे, बल्बच्या वर.