ऑब्जेक्टची यादी आकड्यानुसार सॉर्ट करताना

मध्य रेल्वेची काही स्टेशनं घेऊ. प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये नाव आणि सीएसएमटीपासूनचं ढोबळ अंतर किलोमीटरमध्ये: दादर ९, ठाणे ३४, कल्याण ५४, कर्जत १००, कसारा १२१.

जावास्क्रिप्टमध्ये या अ‍ॅरेवर नुसतं सॉर्ट चालवलं तर एरर येत नाही आणि क्रमही बदलत नाही. तुलनेचं फंक्शन दिलं नाही की सॉर्ट प्रत्येक घटकाची आधी स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) करतं, आणि साध्या ऑब्जेक्टची स्ट्रिंग सगळ्यांची एकच निघते. नुसत्या अंतरांचा अ‍ॅरे असेल तर १००, १२१, ३४, ५४, ९ असा क्रम येतो. फंक्शन द्यावंच लागतं:

(अ, ब) => अ.अंतर - ब.अंतर

जावास्क्रिप्टला देवनागरी नावं चालतात, त्यामुळे हे आहे तसं सॉर्टच्या कंसात टाका. उत्तर ऋण आलं तर अ आधी, धन आलं तर ब आधी, शून्य आलं तर मूळ क्रम कायम. उतरता क्रम हवा तर ब मधून अ वजा करा. वजाबाकीच्या जागी > मात्र नको. त्यातून १ किंवा ० एवढंच मिळतं, ऋण उत्तर कधीच येत नाही. सॉर्ट मूळ अ‍ॅरेच बदलतं, म्हणून जुना क्रम लागणार असेल तर आधी कॉपी करा.

एवढं करूनही क्रम चुकला तर डेटा तपासा, बहुतेक वेळा घोळ तिथेच असतो. समजा यादीत आसनगावही आहे आणि त्याचं अंतर नल (null, म्हणजे मूल्यच नाही) असेल किंवा रिकामी स्ट्रिंग असेल, तर वजाबाकीत ते ० धरलं जातं आणि आसनगाव थेट सीएसएमटीला जाऊन चिकटतं. अंतराचं फील्डच नसेल तर उत्तर नॅन (NaN, म्हणजे ‘संख्या नाही’) येतं, सॉर्ट त्याला शून्य समजतं, आणि अशा नोंदीच्या अलीकडे कल्याण, पलीकडे दादर असं तसंच राहू शकतं. म्हणजे एका रिकाम्या नोंदीपायी चांगल्या नोंदींचाही क्रम बिघडतो. मराठी फॉर्ममधून आलेल्या डेटाला आणखी एक धोका: देवनागरी “९” ही स्ट्रिंग जावास्क्रिप्टला संख्या म्हणून वाचता येत नाही, तिथेही नॅनच. (पायथॉनचं इंट हे फंक्शन ती बिनतक्रार वाचतं.)

म्हणून आधी रिकाम्या नोंदी बाजूला काढा. मग देवनागरी अंक, स्वल्पविराम, “किमी” हे साफ करून नंबर (Number) या फंक्शनने संख्येत रूपांतर करा. पार्सफ्लोटवर विसंबू नका, ते स्वल्पविरामापाशी थांबतं आणि बाराशेचा एक करून टाकतं. जे तरीही नॅन राहील ते छापून बघा, उरलेलं सॉर्ट करा आणि बाजूला काढलेल्या नोंदी शेवटी जोडा.

पायथॉनमध्ये सॉर्टेडला की (key) म्हणून अंतर देणारं फंक्शन द्या. तिथे नन (None, पायथॉनचं नल) आणि संख्या एकत्र आल्या तर टाइपएरर येतो, आणि ते बरंच आहे, चूक लपत नाही. जावात मात्र वजाबाकी टाळा. तिथल्या इंट या पूर्णांक प्रकाराची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे, मोठ्या धन संख्येतून मोठी ऋण संख्या वजा केली की उत्तराचं चिन्हच उलटतं. तिथे कंपॅरेटरचं कंपेअरिंगइंट वापरा.