युद्धकाळातील वायुसैनिकाची पत्नीला लिहिलेली पत्रे कशी वाचावीत

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सचे असंख्य जवान मुंबई बंदरात उतरले, वरळीच्या ट्रान्झिट कॅम्पात मुक्काम करून आसाम, बंगाल व ब्रह्मदेशाच्या आघाडीकडे गेले आणि तेथून वर्षानुवर्षे पत्नीला पत्रे लिहीत राहिले. अशा पत्रांचे संच आज ब्रिटनमधील कुटुंबांकडे आणि संग्रहालयांत आहेत. मुंबई, देवळाली किंवा पुण्याच्या स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्या मराठी अभ्यासकालाही ते उपयोगी पडतात. मात्र ही पत्रे वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते: पत्नीच्या हाती पडण्याआधी पत्र एक तिऱ्हाईत वाचणार आहे, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक होते. त्यामुळे त्याने काय लिहिले याच्या इतकेच, त्याने काय लिहायचे टाळले हेही टिपून ठेवावे.

मजकुराला हात घालण्यापूर्वी पत्रे क्रमाने लावावीत. हे काम वाटते तितके सोपे नसते. जहाजाने जाणाऱ्या टपालाला कित्येक आठवडे लागत, भूमध्य समुद्राचा मार्ग बंद असताना तर आफ्रिकेला वळसा पडे, आणि मागाहून टाकलेले हवाई पत्र आधी पोहोचे. म्हणूनच अनेक जोडपी आपल्या पत्रांना अनुक्रमांक देत. असे क्रमांक असतील तर तेच प्रमाण मानावेत, आणि मधला एखादा क्रमांक सापडला नाही तर ती जागा यादीत रिकामी सोडावी. क्रमांक नसल्यास लिहिल्याची तारीख, टपालाचा शिक्का आणि ‘तुझे अमुक तारखेचे पत्र आज मिळाले’ यासारखे उल्लेख शेजारी मांडून पाहावेत. लिफाफा पत्रापासून कधीही वेगळा करू नये.

त्यानंतर कागदाचा प्रकार ओळखावा. एप्रिल 1941 मध्ये कैरोहून एअरग्राफची सोय सुरू झाली आणि पुढे ती भारतातही आली. ठरावीक नमुन्याच्या कागदावर एका बाजूने पत्र लिहायचे, त्याचे मायक्रोफिल्मवर छायाचित्र घ्यायचे, फिल्म विमानाने न्यायची आणि मुक्कामी पोहोचल्यावर तिच्यावरून तळहाताएवढी प्रत छापायची, अशी ही पद्धत होती. जुलै 1945 मध्ये ती बंद झाली. प्रत पोहोचल्याची खात्री पटली की मूळ कागद नष्ट केला जाई, त्यामुळे पत्नीने जपलेली प्रत हाच आपला अस्सल पुरावा असतो. तिच्यावरील बारीक अक्षर भिंगाखाली वाचावे. अशा कागदावरचे पत्र तुटक वाटले तर नवरा-बायकोत दुरावा आला असा निष्कर्ष घाईने काढू नये, कारण कागद तेवढाच होता.

आता सेन्सॉरकडे वळू. साध्या जवानाची पत्रे बहुधा त्याच्याच तुकडीतील अधिकारी तपासत असे. सकाळी ज्याच्यापुढे सलाम ठोकायचा, त्यानेच संध्याकाळी आपले प्रेमपत्र वाचायचे, हा संकोच पानोपानी जाणवतो. ‘हिरवा लिफाफा’ मिळाला की ही अडचण थोडी दूर होई. आतला मजकूर खासगी व कौटुंबिक आहे अशी लेखी ग्वाही जवान त्यावर देई आणि मग तपासणी झालीच तर ती तुकडीत न होता मागच्या तळावर होई. त्यामुळे हिरव्या लिफाफ्यातील पत्रांची वेगळी यादी करावी आणि त्यांतील भाषा इतर पत्रांशी ताडून पाहावी. तोच माणूस एकदम मोकळा झालेला आढळतो. कापलेल्या किंवा शाईने झाकलेल्या ओळी अंदाजाने भरू नयेत, ‘येथे सुमारे दोन ओळी कापल्या आहेत’ अशी नोंद करून पुढे जावे.

गावाचे नाव लिहायला बंदी असल्याने पत्रांत पाऊस, डास, चहा, चारपाई, धोबी आणि कपड्यांना आलेली बुरशी यांचेच राज्य असते. हा मजकूर कंटाळवाणा म्हणून गाळण्याचा मोह टाळावा. समजा, एप्रिल 1944 मधील एका पत्रात कामाविषयी फक्त ‘सध्या फार गडबड आहे’ एवढेच आहे आणि बाकी सारे पान उकाड्यावर खर्ची पडले आहे. त्या वेळी इंफाळला जपानी सैन्याचा वेढा पडलेला होता आणि तिथल्या फौजेला रसद विमानांनीच पुरवली जात होती, हे माहीत असेल तर ‘गडबड’ या शब्दाचे वजन कळते.

हे वजन तपासण्याचे साधन म्हणजे स्क्वाड्रनची, म्हणजे विमानांच्या तुकडीची, कामकाज-नोंदवही. लंडनमधील क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘एअर 27’ या मालिकेत स्क्वाड्रनच्या नोंदवह्या आहेत. त्यांतील फॉर्म 540 वर दिवसाचा गोषवारा असतो, तर फॉर्म 541 वर प्रत्येक उड्डाणाचे विमान, चालकदल आणि वेळा असतात. पत्र आणि त्याच तारखेचे पान शेजारी ठेवून वाचावे. मात्र जमिनीवर इंजिने दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचे नाव तेथे क्वचितच सापडते, आणि पत्रे लिहिणाऱ्यांत अशांची संख्या मोठी होती; प्रत्येक वायुसैनिकाला वैमानिक समजू नये.

बहुतेक संचांत पत्नीची पत्रे नसतात, कारण सतत बदलणाऱ्या छावण्यांत आणि दमट हवेत ती टिकवणे कठीण होते. तिचा आवाज त्याच्या उत्तरांतून वेचावा लागतो. ‘भाड्याचे तू म्हणतेस ते खरे’, ‘बाळाच्या खोकल्याचे पुन्हा कळव’ अशा वळणाची वाक्ये आढळली की ती एका वेगळ्या वहीत तारखेनिशी उतरवावीत. पगारातून तिच्या नावे कापली जाणारी रक्कम, रेशन, तिची नोकरी, सासरच्या तक्रारी असा तिच्या संसाराचा मोठा भाग त्यातून उभा राहतो. माझ्या मते या कामातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि तोच सर्वाधिक उपेक्षित राहतो.

युद्ध संपल्यानंतरची पत्रेही सोडू नयेत. सुटका कधी, आपला डिमॉब ग्रुप (सैन्यातून सुटकेसाठी ठरवलेला क्रमगट) केव्हा लागणार, बोट का मिळत नाही, हेच त्यांत पुन्हापुन्हा येते. जानेवारी 1946 मध्ये कराचीजवळच्या तळांवर याच कारणाने जवानांनी काम थांबवले आणि ते लोण कानपूर, सिंगापूरपर्यंत पोहोचले. त्या संतापाची चाहूल घरच्या पत्रांत आधीच लागलेली असते.

नक्कल करताना शुद्धलेखन सुधारू नये. ‘देवळाली’चे इंग्रजीत केलेले विचित्र रूप मराठी वाचक चटकन ओळखतो, तरीही ते मजकुरात तसेच ठेवून खुलासा तळटीपेत द्यावा. मूळ कागद हाती असतील तर टाचण्या व रबरबँड काढावेत, चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात आम्लविरहित कागदी पाकिटे कोरड्या कपाटात ठेवावीत.

कागद आपल्या मालकीचा असला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याच्या वारसांकडे असतो. लेखक 1969 पूर्वी वारला असेल आणि पत्रे अप्रकाशित असतील, तर ब्रिटनमध्ये तो हक्क साधारणपणे 2039 च्या अखेरपर्यंत चालतो. म्हणून छापण्यापूर्वी वारसांची लेखी परवानगी घ्यावी आणि त्यांनी एखादे पान वगळायला सांगितले तर ते वगळावे.